शेवटच्या घरापासून

बाबा, चांगला माणूस दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायला नेमका कोणत्या दिवशी लागतो? मला याचं उत्तर येत नाही. तुम्हाला येत असेलच असं नाही, पण कोतवाल म्हणून गावातल्या एकूण एक दारात उभा राहिलेला माणूस मला तुमच्याशिवाय दुसरा माहीत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते. नंतर बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली, आणि आता रोज जीपने चिखलीला कामाला जाते. तिथे एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही काही मुली कानाला हेडफोन लावून बसतो. इंग्लंडच्या संसदेत खासदार बोलतात, कॉम्प्युटर ते ऐकून लिहितो, आणि त्याच्या चुका आम्ही दुरुस्त करतो. मग त्या भाषणाला विषय जोडायचा: पोलीस, बाहेरून येणारी माणसं, घरं, शाळा, दवाखाने. पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी सांगितलं, आपला शब्द घालायचा नाही आणि त्यांचा गाळायचा नाही. बाकीच्या मुलींनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. मला ते लहानपणापासून पाठ होतं.

एका खासदाराची सगळी वर्षं एकाच मुलीकडे देतात, कारण कानाला आवाजाची सवय झाली की काम लवकर उरकतं. माझ्या वाट्याला आलेला माणूस म्हातारा आहे. बोलायच्या आधी घसा खाकरतो, आणि कुणाचीही गोष्ट सांगायची तर त्या माणसाच्या उंबऱ्यापासून सुरू करतो: मी त्यांच्या दारात गेलो होतो, मी आत बसलो होतो. सुरुवातीच्या वर्षांत तो उठला की घरांबद्दलच बोले. भिंतींना ओल आलेली, लेकरांची छाती भरलेली, आणि घरमालक दार उघडत नाही. एकदा त्याने एका बाईबद्दल सांगितलं. तिच्या इमारतीत मोजमाप करायला माणसं आली, तिला वाटलं आता घर दुरुस्त होणार, म्हणून तिने त्यांना चहा दिला. ते मोजत होते ती इमारत रिकामी करायची म्हणून. हे सांगताना त्याचा आवाज चिरकला. कॉम्प्युटरला ते शब्द कळलेच नाहीत, मला तीनदा ऐकून लिहावे लागले. त्या दिवशी जीपमधून येताना मला वाटलं होतं, असा एक माणूस आपल्या भागाला मिळाला तर काय पाहिजे.

पुढच्या वर्षांत तो पोलिसांबद्दल बोलायला लागला. त्याच्या भागातली पोलीस चौकी बंद झाली होती, म्हाताऱ्या बायका संध्याकाळी बाहेर पडायला घाबरत होत्या. त्यातही मला काही वावगं वाटलं नाही. मग बाहेरून येणाऱ्या माणसांबद्दल. किती येतात, कुठे ठेवतात, आमच्या रांगेत उभ्या असलेल्यांचं काय. आवाज तोच, खाकरणं तेच, उंबरा तोच. फक्त आता तो ज्या दारात बसला होता त्या दारातला माणूस समोरच्या दाराबद्दल बोलत होता. आधी मला एका भाषणाला एकच विषय जोडायला लागायचा. गेल्या महिन्यात पोचले त्या वर्षांत प्रत्येक भाषणाला तिन्ही विषय जोडावे लागतात. आणि त्यातल्याच एका भाषणात त्याने विचारलं की या बाहेरच्यांना ठेवलेल्या इमारती लवकरात लवकर रिकाम्या कशा करता येतील आणि त्या वेळी पोलीस किती लागतील. मी मागे गेले. जेवणाच्या सुटीत, काम संपल्यावर, त्याची सगळी वर्षं पुन्हा ऐकली. तो वळला तो दिवस मला सापडला नाही. एकही वाक्य असं नाही की ज्यावर बोट ठेवून म्हणावं, इथून. प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या शेजारीच उभं आहे.

हे दूरचं असतं तर मी तुम्हाला लिहायला बसले नसते. उद्या सकाळी आपल्या गावात ग्रामसभा आहे. टेकडीखालच्या ई-क्लासवर, त्या सरकारी गायरानावर, पाथरवटांची जी घरं आहेत ती उठवून तिथे घरकुलं बांधायचा ठराव होणार आहे. आणि ज्यांची घरं जाणार त्यांना हे माहीत नाही.

पाथरवट आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी तिसरी-चौथीत असेन. जालन्याच्याही पलीकडून आले होते, गाढवांवर पाटे-वरवंटे आणि छिन्न्या लादून. दुसऱ्याच दिवशी धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप तहसीलमधून आला आणि तुम्ही दवंडीला निघालात. अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा जाळ केला, डफडं त्यावर शेकलं, बोटाने टकटक करून पाहिलं, आणि मला म्हणालात, चाल. तुम्ही नेहमीसारखे आधी गावाच्या टोकाला गेलात आणि तिथून सरळ पाथरवटांच्या पालांकडे वळलात. पाराजवळ बसलेल्या कुणीतरी हाक मारली होती, "काऊन बे कोतवाल, त्यायले कायले सांगतं? ते का आपल्या गावचे हायेत?" तुम्ही चालता चालताच म्हणालात, "त्यायच्या चुली कुठी पेटल्या काल? हद्दीत ना? मंग सांगा लागते." तो माणूस हसला, "उद्या गाढवायलेबी सांगजो." तुम्ही म्हणालात, "गाढवायले पोहता येते. तुले येते का?" पारावर सगळे हसले, तोही हसला. तेव्हा गावात अशा बोलण्यावर हसायची पद्धत होती.

टोकापासून सुरुवात का करता, हे मी तुम्हाला त्याच दिवशी विचारलं. तुम्ही सांगितलं, "पयले पाटलाच्या दारात गेलो तं पाटील बसवते, चहा पाजते, इकडचं तिकडचं इचारते. टोकाच्या घरी जाईस्तोर माह्या गळ्यात आवाज नाही राह्यत. ज्याच्या कानावर काहीच येत नाही, त्याले ताजा आवाज द्यावा." मला वाटलं प्रत्येक गावचा कोतवाल असंच करत असेल. मोठी झाल्यावर कळलं की आसपासच्या गावांत, उंद्रीत नाही, बीबीत नाही, कुठेच तसा नेम नव्हता. तो तुमचाच होता. आणि दुसरा नेम, तोही तुमचाच: कोतवालाने आपला शब्द घालायचा नाही. वाईट निरोप असला तरी गोड करायचा नाही, आणि जास्त भीतीही घालायची नाही. "जे हाय तेच. पन सगळ्यायले."

डफड्यावरून आपल्याच वस्तीत तुम्हाला काय काय ऐकावं लागलं, ते मी विसरले नाही. विहारात बैठक झाली होती. लोक म्हणाले, आपल्या माणसांनी डफडं सोडलं, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, मान खाली घालणं सोडलं, आणि हा एक अजून गळ्यात डफडं अडकवतो. तुम्ही उठून म्हणालात, "लग्नात वाजवत नाही मी. मयतीत वाजवत नाही. कोनाच्या वाड्यावर वाजवत नाही. सरकारचा कागद वाजवतो, आन् तो पाटलालेबी उभा राहून आयका लागते."  घरी येऊन मात्र तुम्ही डफडं खुंटीला उलटं टांगलं, चामडं भिंतीकडे. तुम्ही गेल्यावर दादा ते विहिरीत टाकायला निघाला होता. मायने काढून घेतलं. ठेवायचं म्हणून नव्हे, त्याच्या लाकडी कड्यात तिला तीळ सुकवायचे होते. पण तीळ तिने कधी सुकवले नाहीत.

तुमच्या जागी आता जो कोतवाल आहे तो मोटारसायकलवर येतो आणि तलाठ्याच्या खोलीतूनच परत जातो. दवंडी ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होते. पाथरवटांपैकी त्या ग्रुपवर कुणी नाही. नोटिशीचा कागद फळ्यावर लावला आहे खरा, पण फळा ग्रामपंचायतीच्या आत आहे आणि ग्रामपंचायतीला कुलूप असतं.

गेल्या पावसाळ्यापासून विहिरीवरच्या मोटारींची तांब्याची वायर चोरीला जायला लागली. कुणाच्या घरी सापडली नाही, कुणी पाहिलं नाही. पण पिठाच्या गिरणीत पाथरवटांची म्हातारी डबा घेऊन आली की बोलणं थांबतं. आधी तिला "मावशी, पाटा गुळगुळीत झाला, टाकवायचाय" म्हणणाऱ्या बायका डबे जवळ ओढतात. गावातली पोरं काठ्या घेऊन फाट्यावर बसतात. त्याला सुरक्षा दल म्हणतात, ठाण्यातून त्यांना शिट्ट्या दिल्या आहेत. मी जीपमधून उतरते तेव्हा ती मला ताई म्हणतात आणि माझ्या मागून येणाऱ्या पाथरवटाच्या पिशवीत बॅटरी मारतात. माझ्यासोबत सातवीपर्यंत शिकलेला आहे तो. गावच्या अर्ध्या विहिरी त्याने आणि त्याच्या बापाने खोदल्या. तो पिशवी उघडून धरतो, आणि माझ्याकडे बघत नाही.

सरपंच परवा आपल्याकडे आले होते. तुम्हाला ते चांगले माहीत आहेत. वस्तीला नळ त्यांनी आणला, विहाराकडचा रस्ता त्यांनी केला, मी पास झाले तेव्हा पेढे घेऊन तेच आधी आले. मी त्यांना भाऊ म्हणते आणि मनापासून म्हणते. खाटेवर बसले, मायला म्हणाले, "वहिनी, घरकुल मंजूर झालं तुमचं. या टिनाखाली लय दिवस काढले तुमी." माय पदर तोंडाला लावून उभी होती. मी चहा ठेवत होते. आमच्या टिनाला कुठे कुठे भोकं आहेत ते त्यांना तोंडपाठ होतं. ते खरंच मोजून गेले होते. मग म्हणाले, जागेची अडचण होती. मग म्हणाले, जागा आहे, पण तिथे बाहेरची माणसं बसली आहेत. मग म्हणाले, ठाण्यात बोलून ठेवलं आहे. चहाचं भांडं माझ्या हातात होतं आणि मला कानात दुसराच आवाज ऐकू येत होता, खाकरून बोलणारा. घर, मग बाहेरचे, मग पोलीस. तीच ओळ, त्याच क्रमाने, आपल्या खाटेवर बसून. आणि माणूस तसाच, मनातून गरिबाचा.

मी विचारलं, "भाऊ, पाथरवटायले सभेचं सांगतलं का?"

"ग्रुपवर टाकलं ना."

"ते ग्रुपवर नाहीत."

"मंग त्याले मी काय करू, बाई?" हसले ते. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे पाय, तू शिकेल पोरगी. आधी सांगतलं का ते लोकं जमा करतीन, कोनी पुढारी आननार, आरडाओरडा होईन, लेकराबाळायले लागन. गुमान झालेलं बरं. ठराव झाला का दुपारून जेसीबी येते. त्यायले टेम्पो देनार हावो मी, माह्या पैशानं. मी काय त्यायच्या वायटावर हावो का?"

नाहीत, बाबा. ते त्यांच्या वाईटावर नाहीत. हीच तर भीती आहे. तो माणूस दुष्ट असता तर मी काल जेवले असते.

कालपासून रविवारपर्यंत मला सुटी आहे. काल मी टेकडीखाली गेले. म्हातारी दारात बसून वरवंटा टाकवत होती, छिन्नी हळू हळू सरकवत. पालं कधीच गेली, आता मातीच्या भिंती आहेत, कुडाला शेणाचं पोतेरं आहे. प्रत्येक दारावर गेरूने आकडे काढले होते, मोठे मोठे, आणि भोवती गोल. मला पाहून ती उठली, माझा हात धरून दारापाशी घेऊन गेली. "वाच गं बाई, काय लिवलंय? ग्रामपंचायतीची मानसं आलती. मोजून गेली. आमाला बी घरकुल लागलं म्हन." तिची सून आतून हसत म्हणाली, "आत्याबाईनी त्या आकड्याला हळद-कुंकू लावलंय, बघा." खरंच लावलं होतं. गेरूच्या आकड्यावर कुंकवाची दोन बोटं. त्या माणसांना चहाही दिला होता. सुनेने सांगितलं, साखर संपली होती तर शेजारून आणली.

मी फक्त आकडा वाचून सांगितला.  म्हातारी म्हणाली, "चांगला हाय का नंबर?" मी हो म्हणाले, असं मला आठवतं. परत येताना फाट्यावरच्या पोरांनी विचारलं, "ताई, तिकडं काय करून राह्यली होती?" त्यांच्या विचारण्यात मस्करी नव्हती. एकाने मोबाइल वर धरला होता. मी पुढे आले. मागून शिट्टी वाजली, ठाण्याने दिलेली.

आज सकाळी मी डफडं काढलं तेव्हा माय भाकरी थापत होती. तिला कळलं. तिचा हात थांबला नाही. "तुह्या बापानं ते वाजवून काय मिळवलं? हे टिन. आन् तू वाजवलं तं हेच राहीन, पक्कं." मी म्हणाले, माय, मी ठरावाविरुद्ध बोलणार नाही, फक्त नोटिशीत आहे ते सांगणार आहे. "मले शिकवू नको," ती म्हणाली. "मी त्याच्यासंगं बावीस वर्सं काढली. फक्त सांगनं म्हनजे काय असते, मले मालूम हाय." मग बराच वेळ तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही. करपल्याचा वास आला. मी अंगणात पऱ्हाटी पेटवली. चामडं इतक्या वर्षांनी शेकताना आधी नुसता धूर आणि उंदराचा वास, मग हळूहळू ताण आला. वाजवायच्या दोन काड्या कुठे आहेत ते मला ठाऊक नव्हतं. मायने आढ्यातून काढून उंबऱ्यावर ठेवल्या आणि आत गेली. माझ्या हातात दिल्या नाहीत.

तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं की पहिला ठोका मारताना लाज कशी झटकायची. आपल्या वस्तीतून जाताना मी डफडं ओढणीखाली झाकलं होतं. विहाराजवळ एक आजोबा उभे होते, त्या बैठकीत तुम्हाला सर्वांत जास्त बोललेले तेच. त्यांनी पाहिलं. म्हणाले, "पोरी, बी.ए. कायले केलं मंग?" मी म्हणाले, "नोटीस वाचता यावी म्हणून, आजोबा." ते बाजूला झाले. रागाने की कशाने, मला कळलं नाही.

मी शेवटच्या घरापासून सुरुवात केली. म्हातारीच्या दारापासून. तुमच्यासारखा ताल मला येत नाही, पण आवाज डोंगरावर आपटून परत आला आणि लेकरं आधी हसत धावत आली, मग मोठी माणसं बाहेर आली, मग हसू बंद झालं. ग्रुपवर आलेल्या नोटिशीतले शब्द मी जसेच्या तसे म्हटले. उद्या सकाळी ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा. विषय, ई-क्लास जमिनीवरील अतिक्रमण काढणे आणि त्या जागी घरकुले बांधणे. सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे. म्हातारीने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तिने दाराकडे पाहिलं, त्या आकड्याकडे, कुंकवाकडे. माझ्या वर्गात होता तो पाथरवट आतून आला, त्याच्या हातात घणच होता, कामावर निघाला होता म्हणून. पण मागे फाट्यावरून आलेली पोरं उभी होती आणि मोबाइल वर होते. मी त्याला म्हटलं, "घन खाली ठेव. आत्ताच्या आत्ता." त्याने ठेवला. पोरं थोडी हिरमुसली. म्हातारी तेवढ्यात शांतपणे म्हणाली, "आमी येऊ. पर बाई, सभेत आमी बसायचं कुठं?"

 तिथून मी टोकाटोकाने सगळं गाव फिरले, तुमच्या वाटेने. पाटलाच्या दारात सगळ्यांत शेवटी गेले, तोवर घसा बसला होता. सरपंच पाटलांच्याच घरातले; ते ओट्यावर होते. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग ते उठून आत गेले आणि दार लावलं, हळूच, आवाज न करता. घरी आले तर ठाण्यातून दोनदा फोन येऊन गेला होता. साहेब सहज भेटायला बोलावत आहेत, असं दादाला सांगितलं. दादा माझ्याशी बोलत नाही. मायने ताट वाढून ठेवलं, वर करपलेली भाकरी, आणि ती टिनाखाली पाठ करून बसली आहे. फाट्याकडून शिट्ट्या ऐकू येत आहेत, अजून दिवस मावळायचा आहे तरी.

उद्या काय होईल ते मला माहीत नाही. हात वर होतील की दगड, हेसुद्धा नाही. सोमवारी चिखलीला जाऊन त्या म्हाताऱ्या खासदाराचं पुढचं वर्ष मला उघडायचं आहे, आणि मला ते उघडायची भीती वाटते. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. डफडं मी खुंटीला टांगलं आहे, चामडं भिंतीकडे नाही, बाहेर.

एक मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. तुमचा नेम माझ्याकडून पुरता पाळला गेला नाही. म्हातारीच्या दारात "सर्व ग्रामस्थांनी" असं म्हणून झाल्यावर, बाबा, एक शब्द मी माझा घातला. "तुम्हीसुद्धा."